गाडी मिसिंग करते, चढाला ओढत नाही: सुटे भाग बदलण्याआधी घरी काय तपासाल?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: २०१६ ची, चार सिलिंडरची १.२ लिटर पेट्रोल गाडी, नंतर बाहेरून सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस देणारं) सीएनजी किट बसवलेलं, लाखभर किलोमीटर चाललेली. सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरतं. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर झटके मारते, पिकअप जातो, आणि चेक इंजिनचा दिवा कधी पेटून राहतो तर कधी लुकलुकतो. गॅरेजवाल्याने काहीही न तपासता चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग), चारही इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) आणि पेट्रोल पंप असा खर्च सांगितलाय. त्याआधी घरच्या घरी काय पाहता येईल, हा तुमचा प्रश्न.

बरंच पाहता येईल, आणि त्यातलं बहुतेक फुकटात. लक्षणांवरून माझा पहिला संशय झिजलेल्या प्लगवर किंवा एखाद्या कॉइलवर आहे. पण संशयावर पैसे खर्च करू नका. मिसिंगच्या, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याच्या, बाबतीत दोनच गोष्टी आधी पक्क्या करायच्या: कोणता सिलिंडर काम करत नाही, आणि तो कोणत्या परिस्थितीत काम सोडतो. हे कळलं की बाकीचा शोध आपोआप लहान होतो. हे न कळता चार कॉइल बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आधी त्या दिव्याबद्दल. तो स्थिर पेटलेला असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. लुकलुकायला लागला की ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच हलका करा, आणि लुकलुकणं थांबत नसेल तर गाडी बाजूला घ्या. सिलिंडरमध्ये न जळलेलं इंधन एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जातं, तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. काही शे रुपयांच्या प्लगसाठी कन्व्हर्टर गेला की खर्चाचा आकडा एकदम दुसराच होतो. त्यामुळे निदान होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका.

दुसरं, दोष खरंच इंजिनचा आहे का हे पाहा. गाडी ओढत नाही म्हणून येणाऱ्यांपैकी काहींचा क्लच घसरत असतो: रेस दिली की आरपीएमचा काटा वर जातो, गाडीचा वेग मात्र वाढत नाही. काहींचा ब्रेक चिकटलेला असतो. पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लगेच रिमला टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर इंजिनला दोष देण्यात अर्थ नाही. तुमच्या गाडीला थरथर आणि झटके दोन्ही आहेत, त्यामुळे तुमच्याकडे इंजिनच असावं, पण ही दहा मिनिटं वाया जात नाहीत.

आता बॉनेट उघडण्याआधी चार दिवस गाडीकडे नीट लक्ष द्या आणि वहीत लिहून ठेवा. सकाळी थंड इंजिनवर जास्त होतं की अर्धा तास चालल्यावर? पावसात किंवा वॉशिंग सेंटरला इंजिन धुवून घेतल्यावर सुरू झालं का? एखाद्या पंपावर पेट्रोल भरल्यानंतर? एसी लावल्यावर वाढतं का? आतून तडा गेलेली कॉइल पुष्कळदा गरम झाल्यावरच सोडते आणि तासभर थंड झाली की शहाण्यासारखी चालते. उलट, टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली) फट कमी झालेलं इंजिन सकाळी थंड असताना थरथरतं आणि जरा तापलं की सावरतं. धुतल्यानंतर लगेच सुरू झालं असेल तर प्लगच्या खोलगट जागेत पाणी उतरलंय असं जवळजवळ धरूनच चाला.

तुमच्याकडे सीएनजी आहे. त्याने गुंतागुंत वाढते असं लोकांना वाटतं. निदानापुरतं उलटं आहे: एकाच इंजिनला दोन इंधनं मिळतात, म्हणजे एक आयती चाचणी तुमच्या डॅशबोर्डवरच्या बटणात बसलेली आहे. इंजिन पूर्ण तापू द्या. ओळखीच्या, रहदारी नसलेल्या हलक्या चढावर आधी पेट्रोलवर आणि मग सीएनजीवर, त्याच गिअरला, त्याच वेगाने गाडी चालवून बघा. दिवा लुकलुकला की चाचणी तिथेच थांबवायची.

फक्त सीएनजीवर मिसिंग होत असेल तर पहिला संशय पुन्हा प्लग-कॉइलवरच. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. सीएनजी आणि हवेचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर कशीबशी निभावणारी म्हातारी कॉइल किंवा फट वाढलेला प्लग गॅसवर, त्यातही चढावर, उघडा पडतो. तिथे सगळं ठीक निघालं तरच किटकडे वळायचं: कमी दाबाच्या बाजूचा गॅस फिल्टर तेलकट होऊन तुंबलेला असतो, गॅसचे इंजेक्टर चिकटतात, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) दाब टिकवू शकत नाही. फिल्टर आणि रिड्यूसरचं काम किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. टाकीपासून रिड्यूसरपर्यंतच्या नळीत सुमारे २०० बार दाब असतो. तिथला एकही नट घरी सैल करायचा नाही, यात तडजोड नाही.

फक्त पेट्रोलवर मिसिंग होत असेल तर ठिणगी बहुधा निर्दोष आहे. अशा गाड्यांत पेट्रोल फक्त सकाळी सुरू करण्यापुरतं वापरलं जातं. टाकीत तेच जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं, इंजेक्टरच्या तोंडाशी चिकट थर बसतो, आणि टाकी कायम रिझर्व्हवर ठेवली असेल तर पेट्रोलमध्ये बुडून थंड राहणारा पंप उघडा पडून तापतो. टाकी अर्धी ताज्या पेट्रोलने भरा आणि आठवडाभर गाडी मुख्यतः पेट्रोलवर चालवा, अर्थात दिवा लुकलुकत नसेल तरच. हलका थर असेल तर एवढ्यानेही फरक पडतो.

दोन्ही इंधनांवर तसंच होत असेल तर जे दोघांना सामाईक आहे ते पाहायचं: प्लग, कॉइल, हवा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब), एक्झॉस्ट. इंजेक्टर आणि पेट्रोल पंप तुमच्या यादीतून तिथल्या तिथे गळून पडतात. तुम्हाला सांगितलेल्या खर्चातला मोठा भाग या एका बटणाने खरा किंवा खोटा ठरू शकतो.

गॅसवर ताकद थोडी कमीच असते, हेही लक्षात घ्या. वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो, म्हणून साधारण दहा टक्क्यांची घट चांगल्या गाडीतही दिसते. घाटात एक गिअर खाली यावं लागणं हा दोष नाही. झटके मारणं हा दोष आहे.

यानंतर स्कॅनर. ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) पाचशे-हजार रुपयांत मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपला जोडता येतो. स्टिअरिंगखाली, पायांच्या वरच्या बाजूला सोळा पिनांचा सॉकेट असतो, तिथे तो बसतो. कोड दिसले की पहिलं काम त्यांचा स्क्रीनशॉट घेणं. पुसायचे नाहीत. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते, तिला ॲपमध्ये फ्रीझ फ्रेम म्हणतात: इंजिनचं तापमान, आरपीएम, वेग, इंजिनवरचा भार. ही सगळी माहिती कोड पुसला की जाते. 'दिवा घालवून देतो' म्हणून गॅरेजमध्ये आधीच पुसून टाकलं असेल तर पुन्हा येईपर्यंत थांबावं लागेल.

पी ०३०१ ते पी ०३०४ हे मिसिंगचे कोड, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही, फिरतंय. पी ०३५१ ते पी ०३५४ कॉइलच्या सर्किटचे, पी ०२०१ ते पी ०२०४ इंजेक्टरच्या सर्किटचे. शेवटच्या दोन गटांतला कोड आला तरी लगेच कॉइल किंवा इंजेक्टर विकत आणू नका. कोड त्या सर्किटबद्दल बोलतो, आणि सर्किटमध्ये वायर आणि कनेक्टरही येतात. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरिंग कुरतडतात. कनेक्टरजवळचा हार्नेस (वायरींचा जुडगा) टॉर्च मारून, बोटाने चाचपून पाहा. लेंड्या, कापडाचे किंवा धान्याचे तुकडे दिसले तर वायरिंग पूर्ण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्कॅनर नसेल तरी सिलिंडर शोधता येतो. इंजिन गरम, पेट्रोलवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काही सेकंदांपुरता काढायचा आणि परत लावायचा. चालू सिलिंडरचा काढला की इंजिनचा आवाज पडतो, थरथर वाढते. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच बसलेला. पुष्कळ जण यासाठी कॉइलचा कनेक्टर काढतात. मी इंजेक्टरचाच काढायला सांगतो, कारण मग त्या सिलिंडरमध्ये इंधनच जात नाही आणि कन्व्हर्टरला त्रास होत नाही. यामुळे इंजेक्टरचा नवीन कोड बसेल, म्हणून मूळ कोड आधी टिपून ठेवलेले हवेत. काही इंजिनांत इंजेक्टर मॅनिफोल्डखाली (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) दडलेले असतात. हात पोचत नसेल तर जबरदस्ती करू नका, जुन्या प्लास्टिकचं लॉक तुटलं की नवीनच दुखणं. आणि बाही, ओढणी, गळ्यातली साखळी सगळं आवरून घ्या. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

सिलिंडर मोजायचे कुठून? एसी आणि अल्टरनेटर फिरवणारा पट्टा ज्या बाजूला दिसतो, साधारणपणे त्या बाजूचा पहिला. तरी पुस्तिकेत खात्री करा.

समजा दोन नंबर सिलिंडर निघाला. आता यातली सगळ्यात उपयोगाची चाचणी, अदलाबदल. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, इग्निशन बंद. दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची आपसांत अदलाबदल करा, दुसरं काहीही हलवू नका. आता कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. पी ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर फिरला: ती एक कॉइल बदला, चारही नाही. पी ०३०२ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल, पुन्हा तीच फेरी. एका वेळी एकच गोष्ट. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले तर दोष फिरल्याचं दिसेल, पण कोणाबरोबर फिरला ते कळणार नाही. कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर बरोबर आला म्हणून कॉइल चांगली, असंही धरू नका. थंड, भार नसलेल्या कॉइलचं ते माप आहे, घाटात तापल्यावर ती काय करते ते त्यातून कळत नाही.

कॉइल बाहेर काढून, प्लग धातूला टेकवून 'करंट येतोय का' पाहण्याची जुनी रीत घरी करू नका. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात आणि आजूबाजूला इंधनाची वाफ. शिवाय उघड्या हवेत उडणारी ठिणगी कॉम्प्रेशनखाली उडेलच असंही नाही.

जुन्या गाड्यांत प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल नसते, एकच कॉइल पॅक आणि त्यातून निघालेल्या चार जाड वायरी असतात. तिथे एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या असतात. एक आणि चार दोन्ही एकदम मिसिंग करत असतील तर कॉइल पॅक. एकच करत असेल तर त्याची वायर किंवा प्लग. अशा गाडीचं बॉनेट रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून उघडा. वायर फुटली असेल तर निळसर ठिणगी बाहेर चाटताना दिसते.

कॉइल काढलीच आहे तर तिच्याकडे नीट पाहा, कारण नव्वद टक्के लोक ती बाजूला ठेवतात आणि पुरावा पाहतच नाहीत. खालच्या रबरी नळीत डोकवा. आत किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी उभी रेघ दिसली, तर ठिणगी आत उडण्याऐवजी त्या वाटेने बाहेर पळत होती. ही रेघ पुसून जात नाही. आणि प्लग व रबर दोन्ही एकदम बदलावे लागतात, कारण एकावरची रेघ दुसऱ्या नव्या भागाला पुन्हा खराब करते. रबर तेलाने माखलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय. प्लगच्या जागेत तेल साचून राहतं, रबर फुगतं, मऊ पडतं. पॅकिंग न बदलता नवी कॉइल बसवली तर थोड्या महिन्यांनी हेच पुन्हा.

प्लग सोडवण्याआधी त्या खोलगट जागेत हवा मारून कचरा उडवा, नाहीतर वाळूचा कण सरळ सिलिंडरमध्ये. इंजिन थंडच हवं. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरम असताना खेचले जातात, आणि हेडचे आटे गेले तर सगळा फायदा तिथेच संपतो. चारही प्लग काढलेल्या क्रमाने कागदावर ठेवा, खाली सिलिंडरचा आकडा लिहा.

टोकाचा रंग बिस्किटी किंवा करडा असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा ठिणगी अशक्त. पेट्रोलने ओला असेल तर इंधन येतंय पण पेटत नाही. तेलाने काळा चकचकीत असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढराफटक, वर बारीक फोड आलेला प्लग अतितापाचा. पण तुमच्या गाडीला एक सवलत द्या: सीएनजी स्वच्छ जळतो आणि प्लग तसेही फिकट दिसतात. फिकट रंग बघून 'इंजिन लीन चाललंय', म्हणजे इंधन कमी पडतंय, असा निष्कर्ष काढणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. अशा गाडीत रंगापेक्षा चार प्लगांमधला फरक पाहायचा. तीन सारखे आणि एक वेगळा, तो बोलतोय. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ आणि कूलंटही कमी होतंय, अशी जोडी दिसली तर हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचा) संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

प्लगची फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटर असते. तुमचा आकडा पुस्तिकेतून घ्या. सीएनजी किटवाले ती थोडी कमी ठेवायला सांगतात आणि त्यात तथ्य आहे, कारण कमी फट ओलांडायला कमी व्होल्टेज लागतं. मधल्या इलेक्ट्रोडची धार गोल झाली असेल तर फट वाकवून ठीक करत बसू नका, चारही प्लग बदला. प्लग मात्र चारही एकदमच बदलायचे, ते सारखेच झिजलेले असतात. इरिडियम प्लगची फट वाकवून बदलायला जाऊ नका, टोक तुटतं. आणि प्लग ओळखीच्या दुकानातून पावतीसह घ्या, नकली माल बाजारात भरपूर आहे.

नवा प्लग हाताने, गोटी (सॉकेट पाना) आणि एक्स्टेन्शन बोटांत धरून, शेवटपर्यंत फिरवा. अडकला तर उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा, पाना लावून पुढे रेटू नका. बूड टेकल्यावर वॉशरवाला नवा प्लग साधारण अर्धा फेरा आवळायचा. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, तिथे फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा.

कॉइल फिरवली, प्लग फिरवला, तरी दोन नंबर दोन नंबरच राहिला, तर? पेट्रोलवरच होत असेल तर इंजेक्टर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा, पट्ट्यापासून दूर राहून. टिक-टिक चारही ठिकाणी सारखी हवी. दोन्ही इंधनांवर होत असेल तर कॉम्प्रेशन, आणि लाखभर किलोमीटर चाललेल्या सीएनजी गाडीत मी याकडे फार लांबून येत नाही. पेट्रोलमुळे इनटेक व्हॉल्व्हला जो ओलावा आणि गारवा मिळतो तो गॅसमध्ये नसतो. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो, टॅपेटची फट संपत जाते आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. हायड्रॉलिक (फट आपोआप जुळवून घेणारे) टॅपेट नसलेल्या इंजिनांत हे जास्त दिसतं. विशेष म्हणजे टॅपेटचा आवाज येत नाही, उलट इंजिन जास्तच शांत वाटतं, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही.

कॉम्प्रेशन गेज हजार-दीड हजारात मिळतो. सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद करा, पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा, चारही प्लग बाहेर. एक जण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारेल, पाच-सहा फेरे. बॅटरी चार्ज हवी. ज्या गाड्यांत थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) इलेक्ट्रॉनिक आहे तिथे पाय दाबूनही तो कदाचित पूर्ण उघडत नाही. आकडे चारही ठिकाणी सारखेच कमी आले तर त्याचा संशय घ्या. चांगल्या इंजिनात साधारण ११ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास वाचन येतं, पण मला नेमक्या आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा वाटतो. तीन सिलिंडर १२ आणि एक ८, तर निकाल लागला. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट. कमी आकडा व्हॉल्व्हकडे बोट दाखवत असेल तर हेड उतरवण्याआधी टॅपेटच्या फटी मोजून घ्यायला सांगा. वेळेत सापडलं तर फट नीट करूनच काम भागतं.

पी ०३०० असेल, मिसिंग फिरतं असेल, तर एका सिलिंडरमागे लागू नका, सर्वांना लागणारं काहीतरी कमी पडतंय. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. थ्रॉटल बॉडीच्या झडपेभोवती काळा थर साचला असेल तर स्वच्छ करा. ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत नेणारी) नळी, मॅनिफोल्डचं पॅकिंग यांवर साध्या स्प्रे बाटलीतून साबणाचं पाणी जपून मारा, कनेक्टर टाळून. गळती असेल तिथे पाणी ओढलं जाऊन इंजिनचा आवाज क्षणभर बदलतो. यासाठी कार्ब क्लीनर फवारतात, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी तो पेट घेऊ शकतो, घरी नको.

ॲपवर फ्युएल ट्रिम (संगणक इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) दिसते, त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. सिलिंडर पेटत नसला की त्यातली हवा न वापरता ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचते आणि संगणकाला वाटतं इंधन कमी पडतंय. दोष ठिणगीचा, आणि ट्रिम मात्र लीन दाखवते. म्हणून आधी मिसिंग घालवा, मग ट्रिम वाचा, तीही पेट्रोलवर. शॉर्ट (तात्पुरती) आणि लाँग (टिकून राहिलेली) ट्रिम मिळून उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर सोडून द्या. आयडलवर (रेस न देता उभी असताना) ठीक पण भारावर अधिक वीसकडे जात असेल तर पंप किंवा फिल्टरला पेट्रोल पुरवता येत नाही. किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद गुणगुण येते का हेही ऐका.

छोट्या गाड्यांत हवा मोजायला बहुतेक वेळा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) असतो आणि त्याचं वाचन फार बोलकं आहे. इंजिन बंद, किल्ली चालू असताना तो बाहेरचा हवेचा दाब दाखवतो: मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात उंचीमुळे ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. एवढं जुळलं तर सेन्सर ठीक. गरम इंजिन आयडलवर, एसी बंद, तेव्हा ३० ते ४० च्या दरम्यान हवं. ५० च्या पुढे आणि इंजिन थरथरतंय तर हवेची गळती, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. आता रेस २५०० आरपीएमवर मिनिटभर स्थिर धरा. वाचन हळूहळू वर चढत गेलं तर एक्झॉस्ट तुंबलाय, बहुधा तोच कन्व्हर्टर. अशी गाडी सुरू लगेच होते, उभी असताना बरी वाटते, पण रेस घेताना कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी वाटते. कन्व्हर्टर तुंबलेला सापडला तरी आधी मिसिंगचं मूळ काढा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

इथेनॉलबद्दल लोक हमखास विचारतात. तुमच्या २०१६ च्या गाडीचे रबरी भाग ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नाहीत, आणि इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी गेलं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं आणि पंप तेच आधी उचलतो. भर पावसात पेट्रोल भरल्यावर चारही सिलिंडर एकदम झटके मारू लागले तर हा संशय रास्त आहे. पण एकच सिलिंडर मिसिंग करतोय आणि तेही गॅसवर, तर त्यात इथेनॉलचा काही संबंध नाही.

हे सगळं पेट्रोल-सीएनजीचं. डिझेलला ठिणगी नसते, तिथे इंजेक्टरची परत जाणारी गळती, टर्बोच्या नळ्या आणि ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात नेणारी व्यवस्था) पाहतात. त्या इंजिनात यातलं कॉम्प्रेशनचं माप किंवा इंजेक्टरची कनेक्टर चाचणी घरी करायला जाऊ नका. तिथले दाब वेगळे.

दोष सापडून दुरुस्त झाल्यावर कोड पुसा आणि तीन-चार दिवस रोजच्यासारखी गाडी चालवा, दोन्ही इंधनांवर. दिवा पेटला नाही तरी ॲपमध्ये पेंडिंग कोड उघडून पाहा. दिवा लागण्याआधी मिसिंग तिथे दिसतं. तिथे काही नाही आणि चढावर झटका नाही, तर काम झालं.

आणि गॅरेजला जावंच लागलं, तर 'गाडी ओढत नाही' एवढंच सांगू नका. 'दोन नंबर सिलिंडर, दोन्ही इंधनांवर, कॉइल आणि प्लग फिरवून पाहिले, दोष जागेवरच, कॉम्प्रेशन एवढं' असं सांगा आणि आकडे लिहिलेला कागद द्या. काढलेले प्लग सिलिंडरच्या आकड्यांसह डब्यात जपून ठेवलेत तर तेही दाखवा.